मुका मार

कवठीटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१ नोव्हेंबर २००३

प्रिय रचनास,
सप्रेम जय भीम.

तू दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आली नाहीस, आणि तुझ्या दादाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तुझ्यावाचून गेला. सालेकसा काही विलायतेत नाही. गोंदियाला गाडी बदलली की झालं. पण तुम्हा नर्सबाईंचा हात सुई टोचायला बरोबर उचलतो, सुट्टीचा अर्ज लिहायला उचलत नाही.

गुरुवारी दुपारी मंडईत आमची दंडार झाली, नाच, गाणी, सोंगं. त्यातली नवरा-बायकोची गंमत तुला माहीत आहे. मी नवरा, चुन्नीलाल बिसेन बायको. यंदाही तो मिशी काढायला तयार झाला नाही. बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत म्हणतो. मग काय, लुगडं नेसून, मिशीवर पदर धरून तो माझ्याशी भांडतो. शेवटी माझ्या डोक्यात सूप हाणतो, सूप वाजतं, लोक हसतात, सगळे घरी जातात. दहा वर्षं हेच चाललं आहे. यंदा नेमकं धान निघालं आणि त्याची बायको राजकुमारीबाई ऐनवेळी सूप उचलून खळ्यावर घेऊन गेली. चुन्नीलालच्या हाताला लागली पायली. धान मोजायची, लोखंडाची.

टण्ण असा आवाज झाला म्हणे. मी ऐकला नाही, मी आडवा झालो होतो. उठलो तर मला काहीच सुधरेना. समोर लुगड्यातली बाई दिसली, तिला विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?" हे वाक्य आमच्या गमतीत नाही. मी खरंच विचारलं होतं. पण पब्लिक असं हसलं, असं हसलं, की मंडप हलला आणि वन्स मोर आला. वन्स मोर आल्यावर कलाकारानं काय करायचं असतं? पुन्हा डोकं पुढे केलं आणि पुन्हा पायली खाल्ली.

तर आता २३ तारखेला, रविवारी दुपारी, थेट अर्जुनीच्या मंडईचं बोलावणं आहे. त्यांची अट एकच आहे, पायली पाहिजे.

बाकी ठीक. डोकं जरा जड आहे. दोनदा ओकारी झाली, ती मंडईतल्या भज्यांची असेल. तांबडी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या. पोरगा बुद्धभूषण गणितात काठावर आहे. मशीनवर सरपंचाचा नवा शर्ट पडला आहे, तो द्यायचा म्हणून आवरतो. आणि हो, सांगायचं राहिलं, तांबडी शेळी व्याली. दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या.

तुझा दादा,
भोजराज गणवीर, टेलर मास्टर व कलाकार

*

आरोग्य उपकेंद्र, ता. सालेकसा
५ नोव्हेंबर २००३

दादा, जय भीम.

तुझी शेळी एकाच पत्रात दोनदा व्याली आहे. एकूण पिल्लं दोन की चार, ते दुर्गावहिनीला विचारून कळव.

भजी खाऊन माणसाला ओकारी होते, हे मी मानते. पण भजी खाऊन कोणी दहा वर्षांच्या सोबत्याला "तुमी कोनाच्या" विचारत नाही. आता मी लिहिते ते नीट वाच. चुन्नीलालभाऊंनी तुला दिला तो मुका मार आहे. वरून काही दिसत नाही, सगळा परिणाम आतून होतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण असा मुका मार बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. तू तर हौसेनं लागोपाठ दोनदा घेतलास. आता महिनाभर तरी तिसरा नको. वहिनीपासून काही लपवू नको. चुन्नीलालभाऊंना माझं नाव घेऊन सांग, त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण आता पुरे.

दोन-तीन दिवस मशीन बंद, सायकल बंद. डोकं जास्त दुखायला लागलं, पुन्हापुन्हा ओकारी झाली, झटका आला, जीभ अडखळली किंवा झोपेतून उठवूनही नीट जाग आली नाही, तर एसटीची वाट पाहू नका. जीप करून गोंदिया गाठा.

अर्जुनीला नकार कळव. सहावीत मोहाच्या झाडावरून पडलास तेव्हापासून त्या डोक्यानं पुष्कळ सोसलं आहे.

तुझी,
रचना

*

कवठीटोला
१० नोव्हेंबर २००३

रचना,

तुझ्या पत्रानं माझी गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही.

पोस्टमन सुखराम अंतर्देशीय घेऊन आला तेव्हा मी पानठेल्यावर बसलो होतो. अलीकडे अक्षरं जरा पोहतात, म्हणून त्यालाच म्हटलं, वाच. सुखराम पत्र कसं फोडतो ते तुला माहीत आहे. अंगठा घातला आणि उजवीकडची अख्खी पट्टी फाडून खाली टाकली. ती तांबड्या शेळीनं खाल्ली. उरलेलं पत्र त्यानं बातम्या सांगतात तशा आवाजात वाचलं. "चुन्नीलालभाऊंनी तुला दिला तो मुका आहे. वरून काही दिसत नाही, सगळा परिणाम आतून होतो." ठेल्यावर नऊ माणसं होती. सुखराम थांबला नाही. "असा मुका बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. तू तर हौसेनं लागोपाठ दोनदा घेतलास. महिनाभर तरी तिसरा नको. वहिनीपासून काही लपवू नको."

पानवाल्याच्या हातातला चुना खाली पडला. मी ओरडलो की हे खोटं आहे. पण खरं सांगू का, नंतर दोन दिवस मी स्वतःच आठवून पाहत होतो, की चुन्नीलालनं मला कधी मुका दिला होता काय. अलीकडे मला नक्की सांगता येत नाही.

तिकडे राजकुमारीबाईंनी त्याला अंगणात उभं करून विचारलं, "दहा वर्षं झाले बायको बनून राहिले, आता काऊन लपवून राहिले?" त्या बिचाऱ्याला वाटलं पायलीचं विचारते आहे. तो म्हणाला, "दोनच दिले ना, पब्लिकनं मागतले म्हणून दिले." तेव्हापासून त्याला माझ्यापासून चार हात लांब राहायचा हुकूम आहे. आता तालीम कशी करायची? तो आपल्या शेताच्या धुऱ्यावरून ओरडतो आणि मी माझ्या ओट्यावरून.

अर्जुनीला मी जाणारच. तीन हजार पब्लिक असते. माझ्या डोक्याला काही झालं नाही. सरपंच म्हणतो शर्टाचा खिसा पाठीवर लागला आहे. त्याला म्हटलं, पाठीमागून कोणी काही देत असेल तर घ्यायला बरं. हसला नाही.

भोजराज

*

सालेकसा
१४ नोव्हेंबर २००३

दादा,

शेळीनं जो शब्द खाल्ला तो "मार" होता. मुका मार. दोन्ही वेळा तो ओळीच्या शेवटी आला आणि दोन्ही वेळा तिच्या पोटात गेला. हे पाकिटातून पाठवते आहे आणि अक्षरं मोठी काढली आहेत. दुसऱ्याच्या हाती देऊ नको. चुन्नीलालभाऊंच्या घरी जाऊन मी स्वतः राजकुमारीबाईंची माफी मागेन.

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. माझं पत्र तू सुखरामला का वाचायला दिलंस? आई गेल्यापासून माझं एकही पत्र तू दुसऱ्याला हात लावू दिलेलं नाही. दादा, वीस वर्षांत तुझ्या हातून काजाची जागा चुकली नाही, आणि आता खिसा पाठीवर गेला. हे तुला दिसत नसेल, मला इथून दिसतं.

मी सडक अर्जुनीच्या दवाखान्यात असताना हायवेवरचा एक ट्रकचा क्लीनर आला होता, तुझ्याच वयाचा. टपावरून पडला, उठला, हसला आणि आठवड्यात कामावर गेला. आठ दिवसांनी पुन्हा पडला, पहिल्यापेक्षा हळूच. तो आता बायकोचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला की असं होतं. सगळ्यांचं होतं असं नाही, पण कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही.

२३ तारखेला पोलिओची मोहीम आहे, मला इथून हलता येत नाही. नाहीतर मी स्टेजवर येऊन ती पायली माझ्या डोक्यावर घेतली असती. मला भाऊ एकच आहे. वन्स मोर मिळत नाही.

रचना

*

कवठीटोला
२४ नोव्हेंबर २००३

रचनाबाई, जय भीम.

मी सातवी शिकलेली, चुकलं तर सुधारून घ्या. तुमचं पाकीट यांनी उघडून पाहिलं आणि गादीखाली ठेवलं. बुद्धभूषणनं ते काढून मला दिलं.

यांनी तुम्हाला लिहिलं नाही ते मी लिहिते. मंडई झाल्यापासून हे नीट झोपत नाहीत. मशीनचा आवाज सहन होत नाही म्हणून पाय ठेवून नुसते बसतात. पोराच्या हातून ताट पडलं तर त्याच्यावर धावून गेले, मग त्यालाच जवळ घेऊन रडले. वीस वर्षांत यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही, आता दिवसातून तीनदा चढतो. मला वाटलं पब्लिकची हवा डोक्यात गेली. तुमच्या पत्रानं समजलं की ते मार खाल्ल्यामुळे आहे.

मी काल पायली विहिरीत टाकणार होते. पण ती राजकुमारीबाईंची आहे. मग मी पाकीट घेऊन त्यांच्याच घरी गेले आणि "मार" शब्दावर बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी त्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मुक्याचं मले सहन झालं असतं बाई, हे काई बरं नाही." आणि खुंटीवरचं सूप काढून पिशवीत घातलं. तोवर आमचे कलाकार पायली घेऊन सकाळच्या बसनं निघून गेले होते. मागच्या बसनं आम्ही दोघी निघालो.

पोहोचलो तेव्हा गंमत अर्ध्यावर आली होती. चुन्नीलालभाऊ अजून चार हात लांबूनच भांडत होते. घरी समेट झाला हे त्यांना माहीत नव्हतं. यांनी तीन वाक्यं बरोबर म्हटली आणि चौथं विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्याच जागी विसरले. पब्लिकला वाटलं मुद्दाम करतात, ते लोटपोट झाले. मग कोणीतरी "पायली" म्हणून ओरडलं, आणि सगळा मंडप पायली, पायली करायला लागला.

यांनी डोकं पुढे केलं. चुन्नीलालभाऊंनी पायली वर उचलली. मी लोकांतून वाट काढत होते, पण तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं. रचनाबाई, त्या वेळी मला वाटलं की हा माणूस आता आपल्या हातून जातो.

तेवढ्यात यांनीच हात वर केला. म्हणाले, "थांब चुन्नीलाल. मले पुढचं खरंच आठवून नाही राहिलं. हे नाटक नोहे. मी बायकोवर ओरडतो, पोरावर धावतो अन् मले समजत नाही काऊन. डोस्कं एकच आहे माहं. मले भेव लागते."

पब्लिक हसतच होतं. मग चुन्नीलालभाऊंनी पायली खाली ठेवली आणि तोंडावरचा पदर सोडला. ती मोठी मिशी दिसली, तिच्यावरून पाणी गळत होतं. तेव्हा पब्लिक गप्प झालं. ते चार हात चालून आले. यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जिथे पायली बसली होती बरोबर तिथे, आणि तीन हजार माणसांसमोर यांच्या टाळूचा मुका घेतला.

मी राजकुमारीबाईंकडे पाहिलं. त्या सूप बडवत होत्या.

मग काय विचारता, टोप्या उडाल्या आणि वन्स मोर आला. चुन्नीलालभाऊंनी लगेच दुसरा घेतला. तुम्ही लागोपाठ दोन नको लिहिलं होतं. पण याला चालत असेल असं मला वाटलं, म्हणून मी अडवलं नाही.

आपली,
दुर्गा

*

सालेकसा
२८ नोव्हेंबर २००३

वहिनी,

चालतो. मुक्यावर मुका कितीही चालतो, मारावर मार चालत नाही. मी तुमचं पत्र डोस पाजता पाजता वाचलं आणि रडत हसले. एका आजीनं मलाच पाणी पाजलं.

बुधवारी ३ तारखेला दादाला सकाळच्या गाडीनं गोंदियाला आणा. मी स्टेशनवर उभी असेन. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. बिघडलेला शर्ट पण आणा, त्यांना पाहू दे.

रचना

*

कवठीटोला
२० जानेवारी २००४

प्रिय रचना, जय भीम.

गोंदियाचे डॉक्टर हिंदीत म्हणाले होते, "दिमाग को आराम दो." दुर्गानं ते असं धरलं आहे की मी विचार करायचा नाही. मी आढ्याकडे पाहिलं की ती चुलीपासून विचारते, "काय विचार करून राहिले?" काही नाही म्हटलं तर म्हणते, मग एवढा वेळ काऊन लागला? भाजी कोणती करायची हेसुद्धा मला विचारत नाही. दीड महिना रोज वांगी आहेत.

मशीन आता रोज अर्धा तास चालवतो. सरपंचाचा खिसा पुढे आणला. पाठीवर खिशाच्या जागी शिलाईची भोकं राहिली. गावात त्याला आता खिडकीवाला शर्ट म्हणतात.

हसून झालं असेल तर आता पुढचं वाच. हे मी स्वतः लिहितो आहे आणि कोणाला दाखवलेलं नाही. डोकं दुखणं कमी झालं, पण सकाळी उठलो की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. कारण नसताना रडू येतं. कात्री घेऊन बसतो आणि कापड कापायची हिंमत होत नाही. चुन्नीलाल रोज येऊन बसतो, त्याच्याशी बोलावंसं वाटत नाही. गावात म्हणतात मास्टरच्या डोक्यावर परिणाम झाला. तू खरं सांग, मी वेडा होत आहे काय?

भोजराज

*

कचारगड जत्रा ड्यूटी
२ फेब्रुवारी २००४

दादा,

तू वेडा होत नाहीस. पायलीचा मार खाल्लेला माणूस आहेस. मेंदूला मुका मार लागला की डोकं दुखतं तसं मनही दुखतं. त्याचंही औषध असतं आणि तेही बहुतेकांचं बरं होतं, पण सांगितलं तर. तू सांगितलंस. मला जे हवं होतं ते तू केलंस. जत्रा संपली की मी येते, पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. चुन्नीलालभाऊ आले तर बोलायची गरज नाही, नुसतं बसू दे. त्यांनाही बरं व्हायचं आहे.

वहिनीला सांग, वांग्यावर विचार करायला तुला माझी परवानगी आहे.

रचना

*

सालेकसा
२ ऑगस्ट २०११

दादा,

फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. माझी रीना काल शाळेच्या झोपाळ्यावरून पडली. डोक्यावर पडली. मिनिटभर मला ओळखलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले, लक्ष ठेवा म्हणाले. मी एवढ्या वर्षांची नर्स, दादा, पण कालपासून तिलाच विचारत बसले आहे, मी कोण. सहा वर्षांची पोर आहे. काय करायचं ते सगळं पाठ आहे, आणि काहीच आठवत नाही.

रचना

*

कवठीटोला
६ ऑगस्ट २०११

प्रिय रचना, जय भीम.

तुला आठवत नाही, पण माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुझी पत्रं गादीखालीच असतात. काल सगळी काढून वाचली, स्वतः वाचली. त्यातूनच तुला परत पाठवतो. पोरीला अजून दोन दिवस शांत राहू दे. पुन्हापुन्हा ओकारी, झटका, जीभ अडखळणं, जाग न येणं, यातलं काही दिसलं तर गाडीची वाट पाहू नका. पूर्ण बरी होईपर्यंत झोपाळा बंद. चिडली, रडली, तर हट्टी म्हणून रागावू नको, आतून दुखत असेल. आणि ती जे सांगेल ते ऐक. हे शेवटचं तू मला लिहिलं नव्हतं, केलं होतंस.

मला मोबाईल आहे, तरी मी पत्रच लिहितो. फोनवर काय बोललो ते मी विसरतो, पत्राची नक्कल ठेवता येते. मापं वहीत लिहितो. कोणाला काही सांगण्याआधी विचारतो, हे मी आधी सांगितलं काय? लाऊडस्पीकर लागला की आजही उठून जातो. एवढं राहिलं, ते राहू दे. दुर्गा, पोरगा, मशीन, चुन्नीलाल, सगळ्यांची नावं चिठ्ठीशिवाय येतात.

आमच्या गमतीत आता पायली नाही, सूपही नाही. शेवटी बायको नवऱ्याच्या टाळूचा मुका घेते. चुन्नीलालचे वडील गेले, मिशी उतरली, पण पब्लिकला मिशीशिवाय पटेना म्हणून तो आता खोटी लावतो. तांबडीची नात व्याली. हे मी आधी सांगितलं नाही, वहीत पाहिलं.

रीनाला तिच्या मामाचा गोड मुका. रचना, इथे ओळ संपली आहे. मुक्याच्या पुढे दुसरा शब्द नाही, फाटून गेला असं समजू नको.

तुझा दादा,
भोजराज